शिवेवरच्या शिव्या

धुळ्याच्या वैशाखात दुपारी बारानंतर कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडायचा कंटाळा करतं. अशा उन्हात आमची आखाजी येते. बाकीचा महाराष्ट्र तिला अक्षय तृतीया म्हणतो आणि सराफाच्या दारात रांग लावतो. खानदेशात हा सण सासुरवाशिणींचा. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके चढतात, घरोघर गौराई बसते, आमरसाला पातेली पुरत नाहीत, आणि एरवी सभ्य असणारी पुरुष मंडळी त्या दिवशी राजरोस पत्ते कुटत बसतात. यंदाही आखाजी आली, आणि आदल्या दिवशी साक्रीकडच्या एसटीने माझी थोरली बहीण आली. तिला आम्ही अक्का म्हणतो. सत्तरी ओलांडली, गुडघे कुरकुरतात, मेहुणे जाऊनही आता बरीच वर्षं झाली, पण आखाजीला माहेर चुकवणं तिला ठाऊक नाही.

रिक्षातून उतरली, कमरेवर हात ठेवून चहूकडे पाहिलं आणि दर वर्षीचा प्रश्न विचारला.

"बठ्ठं गाव कथं गयं रे भाऊ?"

सगळं गाव कुठे गेलं. यावर मी दर वर्षी काहीतरी विनोदी उत्तर देतो. यंदा म्हटलं, महापालिकेत नोकरीला लागलं. अक्का हसली नाही. तिने पिशवी माझ्या हातात दिली आणि पायरी चढता चढता म्हणाली की नोकरीला लागलेला माणूस संध्याकाळी घरी तरी येतो.

आमचं गाव चिंचखेडे. आता तुम्ही धुळ्यात कुणालाही हे नाव विचारलंत तर तो तुम्हाला एका मोठ्या हॉस्पिटलच्या मागे पाठवेल, आणि तिथे पोचल्यावर तुम्हाला दोन मंगल कार्यालयं, एक जिम आणि वाहनं धुण्याचं सेंटर दिसेल. त्यांच्या पोटात आमचं गावठाण आहे. माझ्या लहानपणी चिंचखेडे आणि धुळे यांच्यामध्ये ज्वारी आणि कपाशीची लांबच लांब रानं होती. आम्ही 'धुळ्याला' जायचो. आई आमच्या डोक्याला तेल थापायची, बाबा टोपी झटकायचे, आणि परत आल्यावर शेजारचे विचारायचे की काय म्हणतं धुळं. आज मी सकाळी दूध आणायला पायजम्यावर धुळ्यात जातो. खरं तर धुळ्यातून धुळ्यातच जातो.

शहर आमच्यावर एकदम चाल करून आलं नाही. आधी गावात गिरणी कामगार भाड्याने राहायला आले. मग कुणाच्या तरी वावरात शाळा उभी राहिली. मग बांधांवर चुन्याच्या रेघा दिसू लागल्या आणि वावराचे प्लॉट झाले. हद्दवाढीत गाव शहराला जोडलं गेलं त्या दिवशी चावडीसमोर पेढे वाटले गेले, कारण आता नळ येणार होते. नळ आले. चावडी गेली. नव्या वस्त्यांना देवादिकांची आणि पुढाऱ्यांची नावं मिळाली, आणि चिंचखेडे हे नाव उरलं ते सातबाऱ्यावर आणि लग्नपत्रिकेत, 'मूळ गाव' या दोन शब्दांच्या शेजारी.

पण मला गाव आठवतं ते चावडीमुळे नाही आणि देवळामुळेही नाही. मला गाव आठवतं ते शिव्यांमुळे.

चिंचखेड्याच्या पूर्वेला एक नाला होता. नाला हीच आमची शीव. पलीकडे सावखेडे. वैशाखात नाल्याला पाणी म्हणजे दोन म्हशी दाटीने बसतील एवढं एक डबकं. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी ऊन कललं की दोन्ही गावांच्या लेकी-सुना डोक्यावर गौराई घेऊन त्या डबक्यावर यायच्या. टोपल्यांत पेरलेल्या गव्हाचे पिवळे कोंब, नवी लुगडी, हातांवर ओली मेंदी, बांगड्यांचा आवाज. गौराई पाण्यात सोडायच्या. डोळ्यांना पदर लावायच्या, कारण गौराई जाणार म्हणजे लेकींनाही दोन दिवसांत सासरी जावं लागणार. आणि डोळे पुसून झाले की नाल्याच्या दोन काठांवर दोन गावं समोरासमोर उभी राहायची आणि एकमेकींना शिव्या घालायला लागायची. याला आमच्याकडे बार म्हणतात.

काय एकेक शिव्या. निम्म्या इथे लिहिता येणार नाहीत. वर्षभर सासूपुढे मान खाली घालून वावरलेल्या बाया त्या काठावर अशा सुटायच्या की आम्ही पोरं बाभळीवर बसून पोट धरून हसायचो. शिवी नुसती घाण असून चालत नसे. तिच्यात माहिती लागायची. पलीकडच्या गावात कुणाच्या वरातीत नवरदेव झोपला, कुणाचं पीठ दळणात हरवलं, कुणाचा दीर एसटीत चुकीच्या बाईशेजारी बसला, हे सगळं वर्षभर गोळा करून आणायचं आणि त्या एका संध्याकाळी नाल्यावरून फेकायचं. पलीकडूनही तसंच यायचं. आपल्या गावातल्या भानगडी आम्हाला सावखेड्याकडूनच कळायच्या.

नाल्याच्या काठावर राजस्थानातून आलेल्या एका शेठचं किराणा दुकान होतं. दोन्ही गावांच्या मधोमध. बार सुरू झाला की शिव्या त्याच्या पत्र्यावरून जायच्या, आणि कधीकधी मातीची ढेकळंही. म्हातारे शेठ अर्धं शटर ओढून आत बसायचे. कुणीतरी त्यांना म्हणे, शेठ, तुमच्या घरातल्या बायकाही येऊ द्या की मैदानात. ते हात जोडून म्हणायचे, दोन्ही गावं आमची गिऱ्हाइकं आहेत, आम्ही कोणाच्या बाजूने शिव्या द्यायच्या?

आमच्या काठाची पुढारी अक्का. घरात तिचा आवाज म्हणजे मांजराच्या पावलांइतका. लग्नात मेहुण्यांचं नाव घ्यायला लावलं तर कुणाला ऐकू गेलं नाही. तीच अक्का आखाजीला पदर खोचून उभी राहायची आणि पलीकडच्या सुभीला हाक मारायची. सुभी सावखेड्याची. दोघी एका वयाच्या, एकाच वर्षी लग्न झालेल्या, अक्का साक्रीकडे आणि सुभी सोनगीरला. वर्षातून एकदा दोघी माहेरी यायच्या आणि नाल्याच्या दोन बाजूंनी एकमेकींचा उद्धार करायच्या.

"सुभे, तुना नवरा चुल्हामांगे लपीसन बठस!"

"बठस ते बठस, तुनासारखा भाकरी तं थापत नही!"

म्हणजे एकीचा नवरा चुलीमागे लपून बसतो, तर दुसरीचा भाकरी थापतो. मेहुण्यांना खरंच भाकरी थापता यायच्या. अक्काला पहिल्या बाळंतपणानंतर बरं नव्हतं तेव्हा ते शिकले होते. ही गोष्ट साक्रीजवळच्या एका खेड्यातल्या चुलीपासून सावखेड्याच्या काठापर्यंत कशी पोचली कोण जाणे. अक्का त्या शिवीने लाल झाली होती आणि मला आता वाटतं, आनंदाने झाली होती.

गंमत अशी की या दोघी एकमेकींशी साधं एक वाक्य कधी बोलल्या नाहीत. बाजारात दिसल्या तर मान वळवायच्या. बोलायची जागा ठरलेली होती आणि दिवसही. पण अक्काला दिवस गेले की सुभीला कळायचं, सुभीची सासू वारली की अक्काला कळायचं. ज्या वर्षी सुभीचं मूल दगावलं त्या आखाजीला अक्काने तिला फक्त तिच्या भावाच्या मिशीवरून शिवी दिली. आमरसात बुडालेली मिशी. मुलाबाळांचा विषय तिने काढलाच नाही, आणि आमच्या काठावरच्या एका नव्या सुनेने काढायचा प्रयत्न केला तेव्हा अक्काने तिला कोपराने ढोसलं. मी बाभळीवरून ते पाहिलं. तेव्हा कळलं नव्हतं.

आमच्या गावात असंही मानत की त्या दिवसाच्या शिव्या लागत नाहीत, उलट वर्ष सुखाचं जातं. आणि जिला पलीकडून उत्तर आलं नाही, तिची आखाजी कोरी गेली म्हणत. कोरी आखाजी घेऊन सासरी जायला बाया घाबरायच्या.

मी काही भाषेचा अभ्यासक नाही. आयुष्यभर सहकारी खात्यात फायली हलवल्या. पण शीव आणि शिवी हे दोन शब्द माझ्या डोक्यात एकाच खुंटीला टांगलेले आहेत. जाणकार माझा कान पिळतील, दोघांची कुळं वेगळी आहेत म्हणून सांगतील. सांगोत. आमच्याकडे शीव होती म्हणून शिवी होती. नाल्यावर स्लॅब पडला, वरून रस्ता गेला, मध्ये दुभाजक आला, आणि दोन्ही गावं एकाच वॉर्डात पडली. आता आपल्याच वॉर्डाला शिव्या कशा द्यायच्या?

शेवटचा बार मला चांगला आठवतो. तोवर स्लॅब पडला नव्हता, पण सावखेड्याच्या बाजूला वावरात नव्या इमारती उभ्या राहिल्या होत्या. त्यांत बदलीवर आलेली, बाहेरगावची, शिकलेली माणसं. संध्याकाळी खाली एवढ्या बायका एकमेकींच्या अंगावर ओरडताहेत म्हटल्यावर त्यांनी भांडण समजून पोलिसांना फोन केला. त्यांचं तरी काय चुकलं? ते चांगल्या मनाने भांडण सोडवायला निघाले होते. आलेला हवालदार इकडचाच होता, त्याला सगळं ठाऊक होतं, तो बिचारा टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला, आया-बहिणींनो, वरून तक्रार आहे, आवरतं घ्या. गॅलऱ्यांतून मोबाइल रोखलेले होते. बायकांनी वर पाहिलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना लाज वाटली. पदर सारखे करून दोन्ही काठ आपापल्या घरी गेले. दुसऱ्या वर्षी कुणी आलंच नाही. कुणी बंद करा म्हटलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं नवरा-बायको लेकीकडे जर्मनीला गेलो होतो. मुक्ता तिथे एका मोठ्या शहरात नोकरी करते. ती जिथे राहते त्या भागाचं नाव घ्यायला गेलं की मला ठसका लागतो, म्हणून ते लिहीत नाही. ट्रामने शहराच्या मधोमध जायला थोडका वेळ लागतो, सगळीकडे घरं, दुकानं, कुठे मध्ये मोकळं रान नाही. पण मुक्ताच्या शेजारच्या हिल्डा आजी सकाळी पिशवी घेऊन निघाल्या की म्हणायच्या, शहरात जाऊन येते. मी मुक्ताला विचारलं, मग आपण आत्ता कुठे आहोत? ती म्हणाली, बाबा, हे गाव आहे.

ते खरंच गाव होतं. हिल्डा आजींनी मला कॉफी पाजून सगळा इतिहास सांगितला आणि मुक्ताने भाषांतर करता करता हात टेकले. एका ओढ्याकाठी चर्च आणि शेतकऱ्यांची घरं, भोवती कोबीची शेतं. मग रेल्वे आली, कारखाने आले, मजुरांच्या चाळींसारख्या इमारती आल्या, आणि एक दिवस शहराने गाव आपल्यात घेतलं. पुढे युद्धात बरंच जळलं, पुन्हा बांधलं. ऐकता ऐकता मी माना डोलावत होतो. कोबीच्या जागी कपाशी घातली की झालं, ही तर आमचीच कहाणी.

मग त्या मला चौकात घेऊन गेल्या. तिथे एक कारंजं आहे आणि त्यावर धातूचा एक माणूस, हातात बादली घेऊन वर आकाशाकडे बघत धावणारा. फार पूर्वी म्हणे या गावच्या लोकांनी चर्चमागून उगवणारा तांबडा चंद्र पाहिला, त्यांना वाटलं आग लागली, आणि सगळा गाव बादल्या घेऊन विझवायला धावला. तेव्हापासून पलीकडच्या गावाने यांचं नाव ठेवलं, चंद्र विझवणारे. पलीकडचं गावही आता त्याच शहराचा एक भाग आहे. तरी दर उन्हाळ्यात यांच्या जत्रेला ते लोक रिकाम्या बादल्या वाजवत येतात आणि विचारतात, काय, विझला का चंद्र? आणि हे लोक त्यांना बिअर पाजतात.

म्हणजे यांनी शिवीचा पुतळा केला होता. शत्रूने दिलेली शिवी, स्वतःच्या वर्गणीने, स्वतःच्या चौकात. हिल्डा आजी त्या बादलीवाल्याच्या पायावर हात ठेवून इतक्या अभिमानाने उभ्या होत्या की मला हेवा वाटला. खोटं कशाला बोलू. आम्ही आमच्या चौकात काय काय बसवलं, त्याला हार घालायला कोण कोण येतं, हे सगळं डोळ्यांसमोरून गेलं. आम्ही देऊळ वाचवलं, त्याला टाइल्स लावल्या. शिव्या वाचवायच्या असतात हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तर आम्ही त्याला हसलो असतो.

परत आल्यावर ही गोष्ट मी फोनवर अक्काला सांगितली. तिला चंद्र विझवणारे फार आवडले. बराच वेळ हसली. मग म्हणाली, त्यांचं पलीकडचं गाव अजून येतं का रे? मी म्हटलं, येतं.

यंदा आखाजीच्या दिवशी सकाळी सांजोऱ्या लाटता लाटता तिने मला जवळ बोलावलं. माझ्या बायकोला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाली, "भाऊ, माले सुभीना आवाज ऐकना शे. एक डाव तिनी माले शिवी देवाले जोयजे."

सुभीने तिला एकदा तरी शिवी द्यायला हवी. तिच्या किती आखाज्या कोऱ्या गेल्या होत्या ते तिलाच ठाऊक. मेहुणे गेले तेही अशाच एका कोऱ्या वर्षात, आणि ती दोन गोष्टींचा संबंध लावते हे मला त्या सकाळी कळलं. मी समजूत घालणार होतो, पण तिच्या गुडघ्यांकडे पाहिलं. पुढच्या वर्षी ही एसटीची पायरी चढू शकेल का, असं मनात आलं.

सुभीचा पत्ता कुणाला ठाऊक असणार? सावखेड्यात तिच्या भावांनी वावर विकलं आणि ज्याच्या त्याच्या वाटेने गेले, आता तिला आखाजीला माहेरी आणायला मुराळी कोण धाडणार. मी शेठच्या दुकानात गेलो. म्हातारे शेठ केव्हाच गेले, आता नातू बसतो, दुकानाचा सुपर बाजार झालाय, काचेचं दार आहे. पण दोन्ही गावांची गिऱ्हाइकं त्याने तोडली नव्हती. त्याने मोबाइल चाळला आणि म्हणाला, सुभाबाई ना, त्या शिरपूरला लेकाकडे असतात, लेक कॉलेजात शिकवतो. नंबर दिला. शिरपूर. एसटीने जाऊन संध्याकाळी परत यावं इतक्या अंतरावर.

दुसऱ्या दिवशी, गौराई बुडवायची वेळ झाली तेव्हा अक्काने नवं लुगडं नेसलं. फोनसाठी. दोन दिवस ती पुटपुटत होती, पोळपाटाशी, देवाशी, रसाचे आंबे माचवताना, आणि मला माहीत होतं की ती शिवी घासतेय. गॅलरीत खुर्ची ठेवली. खाली स्लॅबवरून गाड्या वाहत होत्या. मी नंबर लावून फोनचा आवाज मोठा केला आणि तिच्या हातात दिला.

पलीकडून एका बाईचा थकलेला, स्वच्छ आवाज आला. "हॅलो, कोण बोलतंय?"

अक्काने पदर खोचला. बसल्या बसल्याच. आणि जी शिवी दिली ती मी इथे लिहू शकत नाही. तिच्यात सोनगीरचा किल्ला होता, सुभीच्या सासऱ्याचं धोतर होतं, आणि यमक होतं. स्वयंपाकघरात माझी बायको भांडं घेऊन तशीच थांबली.

मग अगदी हळू, कुणीतरी शेजारी बसलंय अशा आवाजात सुभी म्हणाली, "चिंचखेड्याच्या का तुम्ही?"

"व्हय. मीच शे." अक्काचा चेहरा उजळला. ती पुढे झुकली.

"अगंबाई. किती वर्षांनी. बऱ्या आहात ना?" मग आवाज आणखी खाली आला. "इथे सून आहे, नातवंडं अभ्यास करताहेत. आता शोभत नाही हो आपल्याला ते. रागावू नका. जेवणं झाली का तुमची?"

अक्का थांबली. मला वाटलं, ती दुसरी शिवी देईल, हलकी, मिशीवरची. मी मनातल्या मनात दे म्हणत होतो. पण पलीकडे सुभी गुडघ्यांचं विचारत होती, कधी शिरपूरला आलात तर घरी या म्हणत होती, अगदी मनापासून, त्यात खोट नव्हती. तिने मेहुण्यांचंही विचारलं. ते गेल्याचं तिला माहीत नव्हतं. अक्का हो, नाही, हो म्हणत राहिली. शेवटी म्हणाली, "येसू. तुम्ही बी या."

फोन बंद झाला तरी तो तिने हातात धरून ठेवला. मी काढून घेतला. ती खुर्चीत सरळ बसली होती, खोचलेला पदर तसाच होता. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"माले तुम्ही म्हननी ती, भाऊ," ती म्हणाली. "आनि मी बी तिले तुम्ही म्हनी बठनू."